आग्नेयेकडचं दार

१

वडनेरहून समुद्र पाहायचा म्हटलं तर अख्खी रात्र रेल्वेत काढावी लागते, आणि गावातल्या बहुतेकांनी ती कधी काढलेली नाही. तरीही गावाबाहेरच्या बरडावर, मुरमाड माळावर, समुद्र ऐकायचं एक केंद्र होतं आणि ते सांभाळायला उज्वला थूल नावाची एक बाई नेमली होती. गावाला याचं हसू यायचं. सुरुवातीला उज्वलालाही यायचं.

काम तसं समजायला सोपं होतं. भर समुद्रात समोरासमोरून आलेल्या लाटा एकमेकींवर चढल्या की वरची हवा दाबली जाते, सुटते, पुन्हा दाबली जाते. चार-पाच सेकंदांनी एक ठोका. माणसाच्या कानाला तो लागत नाही इतका खालचा असतो, पण शेकडो कोस जमीन ओलांडून बिनबोभाट चालत येतो. बरडावर चार खड्ड्यांत चार यंत्रं पुरली होती. वाऱ्याचा गोंगाट गाळून टाकायला प्रत्येक खड्ड्यातून बारीक भोकांच्या काळ्या नळ्या चहूकडे पसरल्या होत्या. ठोका कोणत्या खड्ड्याला आधी लागला आणि कोणत्याला मागून, यावरून तो कुठल्या दिशेने आला ते कळे. पावसाळ्यात तो नैर्ऋत्येकडून येई, दिवाळी सरली की आग्नेयेकडून, बंगालच्या उपसागरातून.

"मॅडम, एवढं ठिबक टाकून ठेवलं, पानी कवा सोडता?" घरमालक डोमाजी दर आठवड्याला न चुकता विचारायचा. तिने भाड्याने घेतलेलं त्याचं घर गावाच्या टोकाला, बरडाला लागूनच होतं, आणि त्याची वांगी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, बरडाच्या पायथ्याशीच होती.

"समुद्राचंच सोडते, थांबा," उज्वला म्हणायची.

रोज सकाळी काम सुरू करण्याआधी ती यंत्रखोलीचं जड लोखंडी दार तीनदा धाडकन आपटी. कुणी पाहिलं तर वेडी म्हणेल, पण या कामातली ती रुळलेली रीत होती. दार आपटलं की हवेला धक्का बसतो. पडद्यावरच्या चारही रेघा तीनदा उडाल्या की यंत्रं जागी आहेत असं धरायचं आणि चहाला लागायचं.

त्या आवाजाने झाडावरचे होले उडून जात. उंबऱ्याशी ऊन खात बसलेले तिचे बाबा मात्र जागचे हलत नसत. नत्थू थूल, हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये उभी हयात घालवलेला माणूस. सरकी आणि रुई वेगळी करता करता कान तिथेच राहिले. किशोरने, म्हणजे हिंगणघाटला राहणाऱ्या थोरल्या मुलाने, कानाचं महागडं मशीन आणून दिलं होतं. बाबांनी ते दोन दिवस घातलं आणि डब्यात ठेवून दिलं. "याच्यातनं मले फकत जिनिंगच ऐकू येते," ते म्हणाले होते. म्हणाले म्हणजे ओरडले. स्वतःचा आवाज कळत नसल्यामुळे ते साधं मीठ मागितलं तरी पलीकडच्या गल्लीला कळत असे.

उज्वलाची आई, धुरपता, गेल्यापासून घरात दोघंच होती. ती त्यांच्याशी दिवसभर बोले, ओठ हलवून, हातवारे करून, कधी पाटीवर मोठ्या अक्षरात लिहून. ते बरंचसं समजून घेत. पण तिचा आवाज त्यांनी शेवटचा ऐकला तेव्हा ती कॉलेजात होती. आता तो कसा झालाय हे त्यांना ठाऊकच नव्हतं. बाबांनी एकदा, एकदाच आपली हाक ऐकावी, एवढं एक तिला हवं होतं. ते न होताच बाबा जातील, अशी भीती तिला कधी कधी भर दुपारी वाटे.

२

कार्तिकातली एक स्वच्छ सकाळ होती. दार आपटून झालं, चहा झाला, बाबांच्या भाकरी झाल्या. तासाभराने ती पडद्यासमोर येऊन बसली तर आग्नेयेच्या संथ ठोक्यांवर तीन उंच टोकं उमटलेली होती.

सुरुंग, ती म्हणाली. खदानीत लावतात. पण खदान दुसऱ्या बाजूला होती. पुलगावच्या दारूगोळ्याच्या कोठारांकडून कधी मोठे आवाज येत, तेही आग्नेयेकडून नव्हेत.

मग तिने त्या टोकांमधलं अंतर पाहिलं. दोन लागोपाठ, आणि तिसरं जरा थांबून. तिचा उजवा खांदा धरायचा, त्यामुळे तिसऱ्यांदा दार आपटण्याआधी ती नेहमी क्षणभर थांबायची. पडद्यावरचं तिसरं टोकही तेवढंच थांबलं होतं.

लोखंडी दाराचा धक्का शिवारापलीकडेही जात नाही, समुद्र तर सोडाच. हे तिला चांगलं ठाऊक होतं. तरीही समुद्रापर्यंत जाऊन परत यायला आवाजाला जेवढा वेळ लागेल, जवळजवळ तेवढ्याच वेळाने ती टोकं आली होती.

दुसरा कुणी असता तर त्याने कानावर हात ठेवून राम म्हटलं असतं. पण जिचं कामच खात्री करण्याचं, तिला खात्री केल्यावाचून चैन पडेना. दुसऱ्या दिवशी तिने दार तीनऐवजी दोनदाच आपटलं. तिथेच चुकलं.

दोन आली.

३

"उज्वला मॅडम, समुद्र तुम्हाला ओळखायला लागला," नागपूरच्या ऑफिसातला राकेश फोनवर खो खो हसला. हिशेबी, चांगला माणूस, पण थट्टेचं वेड. "सॉफ्टवेअर जुने आकडे परत दाखवतंय. रिस्टार्ट मारा."

तिने रिस्टार्ट मारलं. वायरी तपासल्या, खड्ड्यांची झाकणं उघडून विंचू-मुंग्या बघितल्या. सगळं जिथल्या तिथे होतं. एकच गोष्ट तिने राकेशला सांगितली नाही, कारण ती तिने स्वतःलाही नीट सांगितली नव्हती. उत्तर यायला आता पहिल्याइतका वेळ लागत नव्हता. आधी सगळ्या भाकरी व्हायच्या. मग निम्म्याच होऊ लागल्या. त्या दिवशी पीठ मळून होतं न होतं तोच रेघा उडाल्या.

आवाजाचा वेग काही बदलत नाही. वेळ कमी लागतो म्हणजे अंतर कमी झालं, हे शाळेतलं पोरही सांगेल. तिने मान झटकली आणि ठरवलं, आता दार आपटायचंच नाही. नोंदवहीत काय लिहायचं ते लिहू.

४

दुसऱ्या दिवशी तिने दार हळूच ओढून घेतलं, लहान बाळ झोपलेलं असावं तसं. बाबा आत स्टुलावर बसून शेंगा सोलत होते. बाहेर पानही हलत नव्हतं. ती पडद्याकडे बघत उभी राहिली.

तीन टोकं उमटली, न विचारता.

आणि तिच्या पाठीमागे शेंगा सोलायचा आवाज थांबला.

ती वळली. बाबांनी मान वर केली होती आणि ते दाराकडे पाहत होते. "कोन आलं?" ते ओरडले. "पाह्य वं उजू, दार कोन वाजवून राह्यलं?"

उज्वलाने टेबलावरचं पातेलं उचललं आणि त्यांच्या मागे जमिनीवर टाकलं. एवढा खणखणाट झाला की खाली वांग्यात असलेला डोमाजी "काय पडलं?" म्हणून ओरडला. बाबांच्या पापणीलाही ते कळलं नाही. ते दाराकडेच बघत होते.

त्या दिवसापासून ते अंगणातली खाट आग्नेयेकडे तोंड करून टाकू लागले. घरातही काही तरी बदललं होतं, पण बोट ठेवावं असं काही नव्हतं. न्हाणीतल्या बादलीतलं पाणी स्थिर राहायचं नाही. मधून मधून त्यावर एक गोल उठायचा, विरायचा, परत उठायचा. मधल्या खोलीच्या दाराची सैल कडी टक् करून चौकटीला लागायची, आणि तुम्ही विसरून जाल एवढ्या वेळाने पुन्हा टक्. वारा असेल, उज्वला म्हणायची. मग खिडकीबाहेर पाहायची. दोरीवरचे कपडे निश्चल असायचे.

५

तिने किशोरला फोन केला. बाबांना थोडे दिवस घेऊन जा म्हणाली. तो रविवारी येतो म्हणाला. पाटीवर तिने मोठ्या अक्षरात लिहिलं, 'किशोरकडे जायचं.' बाबांनी पाटी वाचली, फडक्याने पुसली आणि उलटी ठेवली.

"मी नाई जात," ते म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं आणि ते हसत होते. "मले ऐकू येऊन राह्यलं, उजू. किती वरसानं. कोनी तरी दार लोटते. धड्, धड्... मंग जरासं थांबते, मंग धड्. तू काऊन घाबरून राह्यली?"

तिला घाबरायलाच हवं होतं. बाबांना उचलून मिळेल त्या गाडीने हिंगणघाटला नेऊन टाकायला हवं होतं. पण त्या क्षणी तिच्या मनात भीती नव्हती, हाव होती. जे कान दाराचा धक्का ऐकतात ते उद्या माणसाचा शब्दही ऐकतील. एकदाच. मग रविवार आहेच.

ती यंत्रखोलीत गेली, दोन्ही हातांनी दार धरलं आणि बाबांना ऐकू यावं म्हणून जीव खाऊन आपटलं.

उत्तराला वेळ लागलाच नाही. दाराचा हादरा अजून तिच्या तळव्यात होता तेवढ्यात ते आलं. आणि या वेळी ते आग्नेयेकडून नव्हतं. चारही खड्ड्यांना ते एकाच क्षणी लागलं होतं. दुरून येणारी कोणतीही गोष्ट असं करू शकत नाही. आधी एका खड्ड्याला लागते, मग दुसऱ्याला. चौघांना एकदम लागायचं तर ते खड्ड्यांच्या मधोमध असायला हवं.

६

दुसऱ्या सकाळी धुकं पडलं. वेणा नदीकडून सरकत आलं आणि बरड गिळून बसलं. उज्वला उठली तेव्हा बाबांची खाट रिकामी होती. घोंगडी नीट घडी करून उशाशी ठेवलेली होती. पाहुणे येणार असले की बाबा तशी घडी घालत.

ती अनवाणीच धावली. पायाखाली नळ्या मऊ लागत होत्या. चार खड्ड्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत बाबांची पाठ दिसली. धोतर, स्वेटर, डोक्याला बांधलेला मफलर. ते कुणाशी तरी बोलत होते, आणि ती जागीच थांबली, कारण बाबा ओरडत नव्हते. हळू आवाजात बोलत होते. ऐकू येणारी माणसं बोलतात तसं.

त्यांच्या समोर कुणीतरी उभं होतं. तेवढ्याच उंचीचं, तसंच खांद्यात वाकलेलं. बाबांनी बहिऱ्या माणसाच्या सवयीने तळहात कानामागे नेला. समोरच्यानेही नेला. मग धुकं दाट झालं आणि दोघंही त्यात गेले.

"बाबा!" ती किंचाळली.

बऱ्याच वेळाने धुक्यातून एकजण तिच्या दिशेने चालत आला. धोतर, स्वेटर, मफलर. तेच पडलेले दात, भुवईवरचा तोच व्रण.

"हळू बोल नं, माय," बाबा म्हणाले. "ऐकू येते मले."

उज्वला मट्‌कन खाली बसली आणि रडली. आपण कशासाठी रडतोय हे तिला तेव्हा कळलं नाही. तिने ते आनंदाचं मानलं.

७

आणि आनंद होताच, खोटं कशाला बोला. ती स्वयंपाकघरातून हाक मारायची आणि बाहेरून उत्तर यायचं. तिने त्यांना सगळं सांगितलं, वर्षानुवर्षांचं. पुण्यातल्या खोलीचं भाडं, ज्याने लग्नाचं विचारलं आणि मग विचारलं नाही तो मुलगा, आईच्या दवाखान्यातले शेवटचे दिवस. बाबा ऐकत राहिले. रविवारी किशोर आला तो बापाला हिंगणघाटला न नेताच, पेढे वाटून परत गेला.

एकट्या डोमाजीला ते मानवलं नाही. "बाबाचा आवाज बसला काय?" त्याने बांधावरून विचारलं. "धुकं पडल्यापासून आमची गल्ली सुनी सुनी लागून राह्यली. आन् मले एक सांगा मॅडम, थे आता तुमच्या तोंडाकडं काऊन नाई पाह्यत?"

खरंच की. बाबा इतकी वर्षं तिच्या ओठांवर डोळे लावून बसत. आता ते बोलतानाही भिंतीकडे बघायचे. ऐकू येतं तर पाहायचं कशाला, तिने स्वतःला समजावलं. पण दुपारी ते पडले असताना ती उंबऱ्यात उभी राहिली. त्यांची छाती वर आली आणि तिथेच राहिली. उज्वलाचा पुढचा श्वास घेऊन होईपर्यंत ती तशीच राहिली, आणखी राहिली, मग सावकाश खाली गेली. मधल्या खोलीची कडी टक् वाजली. न्हाणीत पाणी हललं.

ती तिथून उलट पावली सरळ यंत्रखोलीत गेली. बाबा तिकडे आता फिरकत नसत.

पडद्यावर समुद्र नव्हता. आग्नेयेचे ते संथ ठोके, जे या मोसमात एक दिवस चुकत नाहीत, ते मिटल्यासारखे झाले होते. राकेश फोनवर म्हणाला की यंत्रं गेली असतील, माणूस पाठवतो. पण यंत्रं गेली नव्हती. ठोक्यांच्या जागी एकच बारीक, लांबच लांब लहर होती. ती आग्नेयेलाच होती, आणि दर दिवशी थोडी आणखी बारीक होत होती.

८

समुद्र कानांनी ऐकायची एक युक्ती असते. त्या रेघा शेकडो पटीने वेगात चालवायच्या. मग सकाळभराचं मिनिटभरात येतं आणि जे कानाला लागत नव्हतं ते कानात येतं. उज्वलाने हे पूर्वी कधी केलं नव्हतं, कामाला लागतच नाही ते. त्या दिवशी दुपारी बाहेर लख्ख ऊन असताना तिने हेडफोन चढवले आणि धुक्याच्या दिवसापासूनची ती लहर पळवली.

आधी नुसती खरखर होती. मग खूप लांबून एक माणूस ओरडला.

"उजूऽऽ!"

गल्लीला ऐकू जाईल असा, स्वतःला न कळणारा, बेसूर मोठा आवाज. तिने दोन्ही हात तोंडावर दाबले.

"उजू, कुठं हायेस वं? मले काई ऐकू नाई येऊन राह्यलं! इथं लय पानी हाये, उजू!"

तिने पुढचे दिवस लावले. आवाज लांब लांब जात होता, आणि दिवसागणिक संथ, ताणलेला होत होता. तेच ते विचारणं, तीच हाक, आणि हाकेनंतर एक थांबणं. ऐकू येत नसतानाही बाबा उत्तरासाठी थांबत, ही त्यांची जुनी खोड. आज सकाळपासूनच्या लहरीत फक्त एक अक्षर होतं, तेही अर्धं. "उ..." आणि रेघ पडद्याच्या टोकाला येऊन संपली, कारण पुढची अजून उमटायची होती.

म्हणजे ते आत्ता, या घटकेला हाक मारत होते. पहाटे सुरू केलेली हाक त्यांच्या तोंडात होती, आणि तिचं नाव पुरं व्हायला दिवस मावळला असता.

तिने हेडफोन फेकले. खुर्ची पाडून बाहेर आली, नळ्या तुडवत बरडाच्या टोकापर्यंत धावली. समोर कपाशी, तिच्यापलीकडे हायवेवरचे ट्रक, त्यापलीकडे पांढरं आभाळ. तिकडे, आग्नेयेला, तिचा बाप पाण्यात उभा होता आणि तो बहिरा होता. तिने कितीही आवाज केला तरी त्याच्यापर्यंत काहीही पोचणार नव्हतं. हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी तिने पोटातला सगळा वारा एकवटला आणि घसा फाटेपर्यंत हाक मारली.

"बाबाऽऽ!"

"ओ," तिच्या मागून, अगदी खांद्याजवळून, हळूच उत्तर आलं.